तिसरा नियम

खुर्चीवर हेल्मेट ठेवून मी त्याच्या काचेवर लाल रंगाची एक रेघ ओढत होतो, तेव्हा हर्षदा लोहार चित्रकलेच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पाऊल मात्र तिनं आत टाकलं नाही.

"सर, मी येऊ का नको?"

रविवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाकीची मुलं चारला यायची होती.

"ये की," मी म्हणालो. "खेळात तुझंही पाकीट आहे."

"आई म्हणाली, विचारून जा. उद्यापासून शाळेत नाही तर आज कशाला आली, असं कुणी म्हणायला नको."

"कुणी म्हणणार नाही."

ती आत आली. चपला भिंतीशी नीट लावल्या आणि न सांगता पताका बांधायला लागली. शर्यतीच्या शेवटी दाखवतात तसल्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पताका आम्ही जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूवर रंगवल्या होत्या. निम्म्याअधिक तिनंच रंगवल्या होत्या. मी रेघ पूर्ण केली आणि शेजारच्या बाकावर बसलो. त्या दिवसांत मी जिथं जागा मिळेल तिथं बसत होतो.

तिला शाळेतून काढायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मला एका कागदावर सही करायची होती. मुलीनं माझ्यासमोर गुन्हा कबूल केला, एवढंच त्यावर लिहिलं होतं. त्या सहीवर तिचा दाखला निघणार होता आणि दाखल्यावर शेरा पडणार होता. फेब्रुवारी महिन्यात, असला शेरा घेऊन आलेल्या आठवीतल्या मुलीला आमच्या भागातली कुठलीही शाळा घेणार नव्हती. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा नववीत सुटली आणि पुढच्याच वर्षी लग्न झालं. तीही माझीच विद्यार्थिनी. हर्षदाचं पुढं काय होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

झालं होतं ते असं. आमचं गाव कोल्हापूरच्या पूर्वेचं, साखर कारखान्याचं. तिथून आठ किलोमीटरवर माळावर कुणीतरी छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक बांधला आणि आमच्या मुलांना दुसरं काही सुचेना. शाळेत मी एक यंत्र मंडळ चालवायचो. पाचवी ते नववीची एकोणीस मुलं होती. शाळा सुटल्यावर ती थांबायची, जुने पंखे, सायकली, मिक्सर उघडायची. त्या वर्षी त्यांनी हट्ट धरला, आपणही गाडी करू. वर्षभर खपून आम्ही एका मोडक्या एम-८० दुचाकीचं इंजिन लावून चार चाकांची गाडी उभी केली. स्टिअरिंगचं काम हर्षदानं केलं. वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात वाढलेली मुलगी, तिच्या हातात पाना शोभायचा. पहिली चाचणी कुणी चालवायची यावर मुलांनी मतं घेतली आणि सुजय इंगवले निवडून आला. हर्षदा दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

चाचणी त्याआधीच्या आठवड्यात, शनिवारी, शाळेच्या मैदानावर झाली. दुसऱ्या फेरीत स्टिअरिंग नुसतंच फिरायला लागलं, चाकं वळेनात, आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीवर गेली. सुजयच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. स्टिअरिंगच्या दांड्याचा नट गवतात सापडला. तो फिरून सुटू नये म्हणून त्यात एक पातळ पिन घालून टोकं दुमडलेली असतात. ती पिन दिसली नाही. खराडे हेडसर म्हणाले, नट आपोआप सुटत नाही, पिन कुणीतरी काढली. सुजयचे वडील शाळा समितीवर होते. त्यांनी सोमवारपर्यंत नाव मागितलं.

माझं नाव शाळेत एका गोष्टीसाठी होतं. मी मुलांना मारत नसे. आवाजही चढवत नसे. काही बिनसलं तर सगळ्यांना उभं करायचो आणि म्हणायचो, ज्यानं केलं असेल त्यानं पुढं यावं, तोवर आपण सगळे उभे राहू. आपण म्हणजे मीसुद्धा. मग वाट बघायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी तास. कुणी ना कुणी पुढं यायचंच. डी.एड.ची मुलं आमच्या शाळेत पाठ घ्यायला यायची, तेव्हा हेडसर त्यांना मुद्दाम सांगायचे, मगदूम सरांचा धीर बघा.

अपघातानंतरच्या त्या सोमवारी मी मंडळाच्या मुलांना अंगणात उभं केलं. माझ्या पत्नीचं कोल्हापुरात मोठं ऑपरेशन झालेलं होतं. चार रात्री मी दवाखान्यातल्या बाकावर काढल्या होत्या. दुपारी साडेबाराच्या एसटीनं मला परत जायचं होतं, दुपारचं औषध मी नेल्याशिवाय तिथं मिळणार नव्हतं. अकराला दहा मिनिटं कमी असताना मी मुलांना उभं केलं. सव्वाबारा वाजले. पाचवीतली सानिका पाय बदलून बदलून उभी होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा हर्षदानं अर्धं पाऊल पुढं टाकलं, दोन्ही तळवे पाठीमागं फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "सर, मी केलं."

मी म्हणालो, "बरं. बाकीचे बसा."

साडेबाराची एसटी मला मिळाली.

तर हा रविवार त्यानंतरचा. मंडळाचा वार्षिक मेळावा आधीच ठरला होता आणि त्याचा खेळही मी आधीच लिहून ठेवला होता. माझ्या भाचीनं पुण्यात कुणाच्या वाढदिवसाला खेळलेला खेळ मला सांगितला होता. एक खोटाच खून झालेला असतो, प्रत्येकाला पाकिटातून एक सोंग मिळतं, त्यातला एक खुनी असतो, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून तो शोधायचा. मुलांना प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी याहून चांगलं काही नाही असं मला वाटलं. या वर्षी मी ते सगळं शर्यतीच्या ट्रॅकवर नेलं. नामांकित शर्यतपटू सम्राट सरनोबत चाकं बदलायला थांबतो, पाणी पितो आणि शेवटच्या फेरीत गाडीतच मरतो. संशयित सात. मालक, मिस्त्री, टायरवाला, डॉक्टरीणबाई, प्रतिस्पर्धी, समालोचक आणि निशाण दाखवणारी; उरलेली मुलं पोलिसांच्या बाजूची. अपघातानंतर हा खेळ नको असं माझ्या मनात आलं होतं. पण हेडसर म्हणाले, घ्या, मुलं धास्तावलीत, जरा हसतील. नाही म्हणायचंही माझ्यात त्राण नव्हतं.

चार वाजता मुलं आली. कुणी वडिलांचं हेल्मेट घालून, कुणी गॅरेजवाल्याचा निळा डगला मागून आणून. सुजय हात झोळीत बांधून आला. मला वाटलं होतं, त्याला पाठवणार नाहीत. त्यानं पताका बांधणाऱ्या हर्षदाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, त्याला हात हलवता येत नाही तर त्याला बोलायचं काम द्या. मी त्याला इन्स्पेक्टर केलं. झोळीच्या हातात त्यानं लगेच वही अडकवली.

पाकिटं चिठ्ठ्या टाकून वाटली. कोणाच्या पाकिटात काय आहे, याची यादी फक्त माझ्या खिशात होती. खुनी निघाली सानिका. तिला डॉक्टरणीचं सोंग आलं होतं. निळ्या टोपणाची बाटली, औषधाच्या पेटीमागं, चाकं बदलत असताना, असं तिच्या पाकिटात लिहिलं होतं. तिनं पाकीट उघडून वाचलं आणि घाईनं पुन्हा मिटलं. हर्षदा निशाणवाली होती. तिला ट्रॅकच्या पलीकडं उभं राहण्यापलीकडं काही काम नव्हतं.

मी नियम वाचून दाखवले. पहिला, प्रत्येकानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. दुसरा, खोटं बोलायची परवानगी फक्त खुन्याला. तिसरा, नुसतं मी खून केला असं म्हणून खेळ संपणार नाही, कशानं, कुठं आणि कधी केला हे तिन्ही सांगता आलं पाहिजे. हा तिसरा नियम मी मागच्या वर्षीच्या अनुभवानं घातला होता. तेव्हा एका पोरानं गंमत म्हणून पाचव्या मिनिटाला कबुली देऊन सगळ्यांचा विरस केला होता. आणि वर एक अट माझ्या नेहमीच्या पद्धतीची. बटाटेवडे आणि भडंग शेजारच्या खोलीत झाकून ठेवलेत, खुनी सापडला की खायचे.

पहिला अर्धा तास मजेत गेला. सुजयला प्रश्न विचारायची हातोटी होती. मालकानं सांगितलं की सम्राटवर त्याचा फार जीव होता, तर सुजय म्हणाला, जीव होता तर गेल्या वर्षी त्याची गाडी का विकलीस. टायरवाल्याला त्यानं चाकाचे नट किती असतात ते विचारलं आणि तो चुकल्यावर म्हणाला, अरे, तुला कामावर घेतलं कुणी, तोच खुनी. पोरं हसून लोळायला लागली. मी हसलो का, ते आठवत नाही. मी भिंतीला डोकं टेकून बसलो होतो.

पाच वाजून गेले. संशयितांतले पाच बाद झाले. वड्यांचा वास येत होता आणि पोरं चिडचिड करायला लागली होती. सुजय डॉक्टरणीकडे वळला. औषधाची पेटी कुठं होती, किल्ली कुणाकडं होती, सम्राट पाणी प्यायला तेव्हा तू कुठं होतीस. सानिका उत्तर देत होती, पण प्रत्येक उत्तराबरोबर तिचा आवाज बारीक होत होता. बारा-तेरा पोरं तिच्याभोवती गोळा झाली. "लवकर सांग गं, भूक लागलीया," असं कुणीतरी म्हणालं. तिची हनुवटी हलायला लागली. मी बघत होतो. मला वाटलं, होईल शांत, थोडं थांबू. मला थांबायची सवयच होती.

"मी केला खून," हर्षदा म्हणाली.

ती खिडकीपाशी उभी होती. तिनं अर्धं पाऊल पुढं टाकलं होतं आणि दोन्ही तळवे पाठीमागं फ्रॉकला पुसले होते.

सगळे तिच्याकडं वळले. सुजयनं वही सावरली. आठ दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पण तो इन्स्पेक्टर होता.

"तू? तू तर निशाणवाली. ट्रॅकच्या पलीकडं हुतीस."

"आले होते इकडं."

"कवा?"

"मधे."

"कशानं मारलंस?"

"विषानं."

"ते माहीत हाय सगळ्यांना. कुठल्या बाटलीत घातलंस?"

टेबलावर चार बाटल्या मांडलेल्या होत्या, चार रंगांच्या टोपणांच्या. हर्षदानं त्यांच्याकडं पाहिलं. "लाल."

पोरं खदखदून हसली. लाल टोपणाची बाटली अजून फोडलेलीच नव्हती, वरची पट्टी तशीच होती. हे सुजयनं सुरुवातीलाच सगळ्यांना दाखवलं होतं.

"आणि का मारलंस?" कुणीतरी विचारलं.

"असंच."

"सर," सुजय माझ्याकडं वळून म्हणाला, "तिसरा नियम. कशानं, कुठं, कधी. हिला एकबी सांगता येईना. ही खोटं बोलतीया."

"तिला खोटं बोलायचा हक्कच न्हाई," मिस्त्री झालेला मुलगा म्हणाला. "ती खुनी न्हाईच."

"मग म्हणती कशाला?"

सुजय वहीतलं वाचायचं सोडून हर्षदाकडं बघत राहिला. सानिकाची हनुवटी थांबली होती.

मी उठलो. यादी खिशातून काढायची गरज नव्हती, तरी काढली आणि पाहिली. मग म्हणालो, खेळ इथंच थांबवू, वडे गार होतायत. पोरांनी खुनी कोण ते सांगा म्हणून गिल्ला केला. मी उद्या सांगतो म्हणालो. ती शेजारच्या खोलीत पळाली. सानिका जाता जाता हर्षदाचा हात धरून तिला ओढायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "हर्षदा, तू जरा थांब."

ती थांबली. मी तिला बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतः समोर बसलो. काही वेळ काय विचारायचं तेच मला कळेना. तासभर सुजयनं नुसते प्रश्न विचारले होते. मी त्या सोमवारी एकही विचारला नव्हता.

"ती पिन," मी म्हणालो. "कशानं काढलीस?"

तिनं बाकाच्या कडेवर नख ओढलं.

"पकडीनं? कधी? शुक्रवारी गाडी शेडमध्ये कुलपात होती. किल्ली माझ्याकडं होती."

ती खाली बघत होती. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती.

"तू काढलीच नाहीस."

"सर, सगळे उभे होते," ती म्हणाली. "सानिकाला चक्कर यायला लागली होती. आणि तुमची गाडी होती साडेबाराची."

"मग कुणी काढली?"

"मला माहीत नाही सर."

हे उत्तर तिनं माझ्याकडं न बघता दिलं. पलीकडून सुजयचा आवाज येत होता, टायरवाल्याला वडा देऊ नका म्हणून तो सांगत होता.

सहा वाजता तिला न्यायला तिचे वडील आले. श्रीपती लोहार. बाकीची मुलं निघून गेली होती. मी त्यांना घडलेलं सांगितलं. माझं झाल्यावर ते म्हणाले, "गाडी हाय का हितं? बघू द्या."

गाडी सायकलींच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. आठवडाभर तिला कुणी हात लावला नव्हता. श्रीपती खाली बसले, मग उताणे झोपून पुढच्या चाकाखाली सरकले. स्टिअरिंगचा दांडा त्यांनी हातानं चाचपला. स्वतःच्या एम-८०च्या डिकीतून बॅटरी आणि पकड आणायला हर्षदाला सांगितलं. त्यांनी भोकात उजेड पाडला, पकडीचं टोक आत घातलं, एकदा पिळलं आणि काहीतरी बाहेर काढलं. बाहेर येऊन त्यांनी ते माझ्या तळव्यावर ठेवलं. पिनेचा अर्धा तुकडा होता, गव्हाच्या दाण्याएवढा.

"काढली असती तर अख्खी निघाली असती," ते म्हणाले. "ही तुटलीया. अर्धी आतच हुती."

हेडसरांनी, मी, सुजयच्या वडिलांनी, कुणीच आत बघितलं नव्हतं. पिन दिसत नाही म्हणजे कुणीतरी काढली, एवढ्यावर आम्ही थांबलो होतो.

श्रीपतींनी तुकडा उजेडात धरून फिरवला. "आणि ही नवी नव्हं. दुमडून सरळ केल्याली हाय, दोनदा तरी. सर, ही पिन एकदाच घालायची असती. काढली की टाकायची. सरळ करून परत दुमडली की जीव जातो तिचा. कुणी घातली?"

हर्षदानं मान वर केली नाही. घातली तिनंच होती, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण ती पिन जिथून आली होती, तो डबा माझा होता. मंडळात आम्ही काहीही टाकत नसू. वाकडे खिळे, जुने वॉशर, वापरलेल्या पिना, सगळं हातोडीनं ठोकून सरळ करायचं आणि डब्यात ठेवायचं. नवं मागायला आलेल्या पोराला मी तो डबा दाखवायचो. काटकसर हाही एक विषय आहे, असं मी म्हणायचो. पाहुणे आले की डबाही दाखवायचो.

"मी शिकवलं होतं तसं," मी म्हणालो.

श्रीपतींनी मान हलवली. ते रागावतील असं मला वाटत होतं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी हात चड्डीला पुसले.

"आठ दिस पोरगी घरात जेवंना," ते म्हणाले. "मी दोनदा मारलं तिला. काय केलंस म्हणून न्हाई, का केलंस म्हणून. शाळेनं सांगितलं म्हंजी केलंच असणार." मग त्यांनी विचारलं, "तुमी तरी इचारलासा का सर, कशी काढलीस म्हणून?"

"नाही."

त्यांनी तो तुकडा माझ्याकडून घेतला, खिशातल्या कागदात गुंडाळला आणि परत माझ्या हातात दिला. "उद्या लागंल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांसमोर बसलो आणि सांगितलं, की पिन कुणी काढली नाही, ती तुटली, आणि जुन्या पिना वापरायला मी शिकवलं म्हणून तुटली. कागदावर सही करणार नाही. खराडे हेडसर चांगले गृहस्थ होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, शिपायाला चहा आणायला सांगितला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"मगदूम, तुमचं मन मी ओळखतो," ते म्हणाले. "पोरीचं नुकसान होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. घरी आजारपण, त्यात हे. असं करू नका. तुमची तीन वर्षं राहिलीत नोकरीची."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तेच म्हणाले, आणि डोळे पुसल्यासारखं केलं. मी कागदातला तुकडा टेबलावर ठेवला. ते म्हणाले, असले तुकडे कुठंही मिळतात. हर्षदाच्या कबुलीला कुणी पुरावा मागितला नव्हता. माझ्या कबुलीला लागला.

शेवटी मी श्रीपतींना बोलावून घेतलं. सुजयचे वडीलही आले. श्रीपतींनी दुकानातून मूठभर नव्या पिना आणल्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या, हेडसरांच्या हातात पकड दिली आणि म्हणाले, दुमडा, सरळ करा, परत दुमडा. हेडसरांना ते काम जमेना, तेव्हा सुजयच्या वडिलांनी पकड घेतली. पहिली पिन तिसऱ्या खेपेला तुटली. दुसरीही तिसऱ्या खेपेला. तिसरी चौथ्या. मग त्यांनी माझ्या डब्यातली एक घेतली आणि ती पहिल्याच खेपेला तुटली. त्यानंतर पाव तास ते माझ्याशी बोलले. मोठ्यानं बोलले, आणि बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पोराचा जीव गेला असता, हे त्यांनी तीनदा म्हटलं. हेडसर खिडकीबाहेर बघत होते.

दाखला निघाला नाही. हर्षदा शाळेत राहिली. मंडळ बंद झालं, शेडला कुलूप लागलं, आणि मला निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी दोन वाक्यांत जाहीर केलं, की अपघात यंत्रातल्या दोषामुळं झाला, कुणा विद्यार्थ्याचा त्यात हात नाही. हर्षदाचं नाव त्यांनी घेतलं नाही. सुजय रांगेतून निघून तिच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पीटीच्या सरांनी त्याला परत जागेवर पाठवलं.

त्यानंतर मी कुठल्या वर्गाला उभं केलं नाही. काही बिनसलं तर एकेकाला बोलावून विचारायचो. त्याला वेळ फार लागायचा आणि पुष्कळदा काहीच निष्पन्न व्हायचं नाही. स्टाफरूममध्ये म्हणायचे, सर आता थकले. पूर्वीचा धीर राहिला नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी असेल, हर्षदा गणिताची वही दाखवायला आली. मधली सुट्टी होती. मी वही तपासली, दोन उदाहरणांत हातचा विसरली होती ते दाखवलं. ती वही घेऊन वळली, तेव्हा मी विचारलं.

"तुला माहीत होतं ना, पिन जुनी होती म्हणून तुटली ते?"

"अंदाज होता सर."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? अंगणात नाही, निदान नंतर. माझं नाव येईल म्हणून?"

तिनं जरा विचार केला. परीक्षेतल्या प्रश्नाला उत्तर द्यावं, तसं तिनं सरळ उत्तर दिलं. त्यात तक्रार नव्हती.

"आधीच सांगितलं होतं सर. दिवाळीच्या सुट्टीआधी. पिना सरळ करत होतो तेव्हा. मी म्हटलं, बाबा म्हणतात पिन परत वापरत नाहीत. तुम्ही म्हणालात, बाबांच्या दुकानात टाकत असतील, आपल्याला जपून वापरायला शिकायचंय. मग सगळे हसले."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"असू दे सर."

घंटा झाली. ती वर्गात गेली.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मी निवृत्त झालो, पत्नीही गेली. संध्याकाळी शेजारची दोन-तीन मुलं अजून गणितं घेऊन येतात, त्यांना शिकवतो. दिवाळीच्या आधीची ती संध्याकाळ आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. शेड आठवते. मुलं गोल बसलेली आठवतात, हातोडीचे आवाज आठवतात. आपल्याला जपून वापरायला शिकायचंय, हे वाक्य माझंच आहे, मी ते कितीदा बोललो असेन. पण त्या घोळक्यातून एका मुलीनं मान वर करून मला काही सांगितलं, ते काही केल्या आठवत नाही.